घराभोवतीच्या झाडांची छाटणी: केव्हा, कोणत्या क्रमाने आणि नेमकी कुठे कापायची

मे महिना संपत आला की गोव्यात वाड्यावाड्यावर कोयत्याचा आवाज सुरू होतो. पाऊस तोंडावर आलेला, फांद्या कौलांवर टेकलेल्या, आणि वर चढलेला गडी विचारतो, ‘पात्रांव, पुराय मारूं?’ (मालक, सगळे तोडू?) खालून होकार जातो. तासाभरात आंब्याचा खांब होतो. पुढच्या दोन पावसांत त्या खांबावर सरळसोट फुटवे उठतात, तिसऱ्या वर्षी ते वाऱ्याने मोडून नेमके कौलांवरच पडतात, आणि घरमालक म्हणतो की झाडच कमजोर.

झाडाचा त्यात दोष नाही. फांदी कुठे कापली यावर पुढची सगळी वर्षे ठरतात, आणि कापण्याआधी काय पाहिले यावर कुठे कापायचे ते ठरते. म्हणून करवत या लेखात बरीच उशिरा येईल.

## १. आधी झाडाभोवती फिरा

गडी बोलावण्याच्या दोन-चार दिवस आधी, सकाळच्या उजेडात, झाडाला लांबून आणि जवळून असे दोन फेरे घाला. लांबून झाडाचा तोल कुठे झुकतो ते दिसते, जवळून आजार दिसतात.

सुकलेल्या फांद्या ओळखायला अंगठ्याचे नख पुरते. कोवळ्या भागाची साल हलकेच खरवडा: खाली हिरवे आणि ओलसर दिसले तर फांदी जिवंत, तपकिरी आणि कोरडे दिसले तर मेलेली. पानगळीच्या झाडांबाबत ही परीक्षा न करता निर्णय घेऊ नका. फेब्रुवारीत पाने गळलेला चाफा मेलेला समजून तोडणारे लोक आहेत.

मग बेचके पाहा. दोन जाड फांद्या जिथे फुटतात तिथे कोन मोकळा असेल तर जोड बळकट असतो. दोन्ही फांद्या जवळजवळ उभ्या, एकमेकींना चिकटून, मध्ये साल आत दबलेली असेल, तर तो जोड वरून धडधाकट दिसला तरी आतून सांधलेला नसतो. वादळात झाड उभे फाटते ते अशाच बेचक्यात.

बुंध्याशी वाका. भोकातून भुसा पडतो आहे, डीक ओघळला आहे, तर खोडकिडा आहे. काजूत तो बहुधा जमिनीलगत आणि उघड्या मुळांवर सापडतो. बुंध्याला छत्रीसारखी कडक बुरशी धरली असेल, किंवा काठीने ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर हे छाटणीचे काम नाही. झाडे तपासणाऱ्या जाणकाराला दाखवा आणि तोपर्यंत कोणालाही वर चढवू नका.

आंब्यावर बांडगूळ आहे का, हे मुद्दाम बघा. आंब्याच्या पानांत वेगळ्याच ठेवणीची जाडसर पाने आणि नळीसारखी फुले दिसली की तेच. शेवटी हुमल्यांची (चावऱ्या लाल मुंग्यांची) पानांची घरटी, मधमाश्यांचे पोळे आणि पक्ष्यांची घरटी. अंडी किंवा पिल्ले असतील तर ती फांदी पिल्ले उडेपर्यंत राहू द्या. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा घरट्यांना संरक्षण आहे.

कापायच्या प्रत्येक फांदीला रंगीत चिंधी बांधा किंवा खडूची खूण करा. वर चढलेल्या माणसाला खालून हात दाखवून ‘ती नव्हे, पलीकडची’ म्हणण्यात चुकीची फांदी जाते.

तपासा: प्रत्येक खुणेचे कारण एका शब्दात सांगता येते का? मेलेली, घासणारी, छपरावरची, रोगट. कारण सापडत नसेल तर चिंधी सोडा.

## २. परवानगी आणि तारा

गोव्यात झाडे तोडण्यावर १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्याचे बंधन आहे. आपल्या भाटातले (बागायतीतले), आपल्या आंगणातले असले तरी झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. सुकी किंवा लहानसहान फांदी काढणे वेगळे. पण मुख्य खोडाइतकी जाड फांदी किंवा झाडाचा मोठा भाग काढायचा असेल तर वन खात्याच्या जवळच्या कार्यालयात आधी विचारा. ‘छाटणी’ म्हणून सुरू झालेले काम बुंध्यापर्यंत पोचते आणि मग तक्रार होते, असे बऱ्याचदा घडते.

शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या कौलावर आली असेल तर कोयता काढण्याआधी त्याच्या दारात जा. त्याच्या बाजूनेच ती नीट कापता येते. हद्दीच्या वयीवर (कुंपणावर) जिथल्या तिथे तोडली की खुंट उरतो, आणि मने दुखावतात ती वेगळीच.

सावधान: विजेच्या तारेला लागलेली किंवा तारेवर पडू शकणारी फांदी स्वतः कापू नका, गड्यालाही कापायला लावू नका. ओला बांबू, हिरवी फांदी, अ‍ॅल्युमिनियमची शिडी, तिन्हींतून वीज वाहते. खांबावरून घरात येणाऱ्या काळ्या वायरचे आवरण उन्हाने तडकलेले असते, तिच्यावरही विश्वास नको. वीज खात्याला कळवा (तक्रारीचा क्रमांक १९१२), पुरवठा बंद झाल्याची खात्री करा, मगच पुढे.

## ३. वेळ

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण आपण झाडाचे नव्हे तर पावसाचे कॅलेंडर पाहून छाटतो.

सुकलेल्या, मोडलेल्या, लोंबणाऱ्या फांद्या केव्हाही काढा. त्यांना मुहूर्त नाही. छपरावरच्या फांद्यांचे काम एप्रिलमध्ये धरा, मे अखेरीस नव्हे. तौक्ते वादळ २०२१ साली १६ मेच्या सुमारास गोव्याच्या किनाऱ्यावरून गेले. शेवटच्या आठवड्याची वाट पाहणाऱ्यांच्या फांद्या तेव्हा झाडावरच होत्या. शिवाय मे अखेरीस चांगला गडी मिळत नाही. जो मिळतो त्याला दिवसात सहा घरे उरकायची असतात.

जाड, जिवंत फांदी कापायची असेल तर पाऊस संपून उघडीप स्थिर झाल्यावरचा काळ बरा, म्हणजे ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर. ताजा मोठा काप जून-जुलैच्या संततधारेत सापडला की बुरशीला आयती जागा मिळते. आंब्याचे मात्र वेगळे: ऑक्टोबरनंतर त्याच्या काड्या मोहोरासाठी तयार होत असतात, म्हणून त्याची नेहमीची हलकी छाटणी फळ उतरल्यावर लगेच, पावसाचा जोर धरण्याआधी उरकावी. आंब्याची एखादी जाड फांदी धोक्याचीच असेल तर तिच्यापुरता मोहोर गेला असे समजून ती ऑक्टोबरात काढा.

भर पावसात झाडावर चढू नये, आणि एका पावसाने भिजलेल्या झाडावर दुसऱ्या दिवशीही नको. शेवाळलेल्या सालीवरून पाय सटकतो.

## ४. हत्यारे

कोयता घरात असतोच, म्हणून तोच काढला जातो. नारळ सोलायला, झावळ्या तोडायला, काटेरी रान साफ करायला तो उत्तम. जिवंत फांदीच्या शेवटच्या कापाला मात्र तो वापरू नका. कोयत्याच्या घावाने साल फाटते, लाकडाचे पदर उघडे पडतात, आणि घाव कधीच एका रेषेत बसत नाही.

लागेल ते एवढेच:

- करंगळीइतक्या काडीसाठी सिकेटर, ज्याची दोन पाती कात्रीसारखी एकमेकांशेजारून जातात असा. एक पाते सपाट बैठकीवर आपटते तो प्रकार काडी चेपतो.
- अंगठ्याएवढ्या फांदीसाठी लांब दांड्याची कात्री.
- त्याहून जाड फांदीसाठी ओढताना कापणारी वाकडी छाटणी-करवत. सुताराची करवत ओल्या लाकडात अडकते.
- जाडजूड नायलॉनचा दोर, चष्मा, हातमोजे, हेल्मेट.

धार लावून घ्या. पाती स्पिरिटने पुसा, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पुन्हा पुसा. रोगट फांदी कापल्यावर तर लगेच.

आंब्याचा आणि काजूचा चीक अंगावर पडला तर कातडी भाजते. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. कण्हेर आणि चाफ्याचा पांढरा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

सावधान: यांत्रिक करवत घेऊन शिडीवर चढणे हे घरच्या माणसाचे काम नाही. खांद्याच्या उंचीवरचे आणि मनगटापेक्षा जाड काम ज्याचा तो धंदा आहे त्याला द्या. पण कुठे कापायचे ते तुम्ही सांगा. त्यासाठीच पुढचा भाग.

## ५. जागा मोकळी करा

फांदी पडेल त्याच्या दुप्पट जागा मोकळी हवी. कपडे वाळत घालायची दोरी, मुले, कुत्रा, गाडी, तुळशीवृंदावन, सगळ्यांचा विचार आधी. छपरावरची फांदी दोराने बांधून हळूहळू खाली सोडावी लागते. दोर वरच्या भक्कम फांदीवरून फिरवून खाली दोघांनी धरायचा. मंगळुरी कौलावर बोटाएवढी काठी पडली तरी तडा जातो, आणि तो तडा पहिल्या पावसापर्यंत कळत नाही.

शिडी कापायच्या फांदीला टेकवू नका. वजन गेले की फांदीचा उरलेला भाग उसळी घेतो आणि शिडी हवेत राहते. शिडी खोडाला टेकवा, वर बांधा, आणि टेकण्याच्या उंचीच्या साधारण पाव भाग तिचा पाय पुढे ठेवा.

हुमल्यांची घरटी असलेली फांदी दिवसाच्या उन्हात हलवली तर मुंग्या कॉलरीतून आत शिरतात. वर बारा फूट उंचीवर मुंग्या झटकणारा माणूस हात सोडतो. हे गमतीने लिहिलेले नाही.

## ६. क्रम

कामाचा क्रम ठरलेला आहे, तो मोडू नका:

1. मेलेल्या आणि मोडलेल्या फांद्या.
2. रोगट, किडलेल्या, बांडगूळ धरलेल्या.
3. एकमेकींना घासणाऱ्या जोडीतली कमजोर एक.
4. खोडाच्या पायथ्याशी आणि जुन्या कापांवर उगवलेले सरळ फुटवे.
5. सगळ्यात शेवटी छपराची, वाटेची, उजेडाची अडचण.

पहिल्या चार पायऱ्या झाल्यावर खाली या, लांब जाऊन पाहा. पाचवीसाठी ठरवलेले निम्मे काम बहुधा आधीच झालेले असते.

मर्यादा अशी: एका वर्षात जिवंत पानोऱ्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त काढू नये. म्हाताऱ्या झाडाला तर दहावा हिस्साही पुष्कळ. जास्त काढायचे असेल तर दोन-तीन वर्षांत वाटून घ्या.

दोन चुका गोव्यात सर्रास दिसतात. एक म्हणजे शेंडा मारणे. वरचे तोडले की झाड बुटके राहत नाही. कापाखालचे सुप्त डोळे (न फुटलेले कोंब) एकदम जागे होतात, दहा फुटवे निघतात, आणि ते जुन्या लाकडात खोलवर रुजलेले नसून नुसते सालीजवळ चिकटलेले असतात. उंची कमी करायचीच असेल तर उंच फांदी तिच्याच एखाद्या बाजूच्या फांदीपर्यंत मागे कापा. ही बाजूची फांदी कापल्या जाणाऱ्या फांदीच्या निदान तिसऱ्या हिश्शाइतकी जाड हवी, म्हणजे ती शेंड्याचे काम उचलते.

दुसरी चूक जास्त फसवी, कारण ती नीटनेटकी दिसते: ‘वारा जाऊ दे’ म्हणून आतली सगळी बारीक पालवी साफ करायची आणि फांदीच्या टोकाला तेवढा झुपका ठेवायचा. सगळे वजन टोकाला जाते, फांदी वाऱ्यात चाबकासारखी फिरते आणि मधोमध मोडते. आतली पालवी राहू द्या. विरळ करायचेच तर टोकाकडून करा.

## ७. काप

जिथे फांदी खोडातून निघते तिथे नीट पाहा. फांदीच्या मुळाशी साल किंचित फुगलेली, सुरकुतलेली असते, आणि वरच्या बाजूला, बेचक्यात, सालीची एक उंच वळी दिसते. फुगलेला भाग खोडाचा आहे, फांदीचा नव्हे. जखम बंद करणारी नवी साल तिथूनच येते. त्याला करवत लागता कामा नये.

म्हणून काप फुगाऱ्याच्या अगदी बाहेर. खोडाला सपाट घासून कापले तर फुगारा जातो आणि जखम दुप्पट मोठी होते. चार बोटे खुंट ठेवला तर तो मरतो, कुजतो आणि कूज आत नेतो. आपल्याकडे गडी गुळगुळीत काम दाखवायला खोडालगत कापतात, किंवा पुढच्या वर्षी पाय ठेवायला खुंट ठेवतात. दोन्हींना आधीच नाही म्हणा.

अंगठ्यापेक्षा जाड प्रत्येक फांदी तीन कापांत काढायची:

पहिला काप, खालून. खोडापासून साधारण एक फूट अंतरावर, फांदीच्या खालच्या बाजूने, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. करवत अडकायला लागली की थांबा.

दुसरा काप, वरून. पहिल्यापासून दोन-तीन बोटे आणखी बाहेर. फांदी मोडून पडेल, पण साल सोलत खोडापर्यंत येणार नाही, कारण खालचा काप तिला अडवतो.

तिसरा काप, खरा. आता उरला आहे फक्त बिनवजनाचा खुंट. त्याला एका हाताने आधार द्या. बेचक्यातल्या वळीच्या बाहेरून सुरू करून फुगाऱ्याच्या कडेने, खाली जाताना किंचित बाहेर झुकत कापा.

एका कापात काढलेल्या फांदीचा परिणाम कोणाच्याही आंगणात बघायला मिळेल: फांदीच्या जागेखाली हातभर लांब सालीची पट्टी सोललेली, आणि तिच्या कडांना मुंग्या.

मेलेल्या फांदीभोवती कधी कधी जिवंत सालीचे कडे पुढे सरकत आलेले असते. तिथे कडे जिथे संपते त्याच्या बाहेर कापा, कड्याला धक्का न लावता, खुंट थोडा लांब दिसला तरी.

बारीक काडी कापताना बाहेरच्या दिशेला तोंड असलेला डोळा शोधा आणि त्याच्या वर अर्धा सेंटिमीटर, थोडा तिरपा काप द्या. आतल्या डोळ्यावर कापले तर नवी फांदी झाडाच्या पोटात शिरते.

बांडगूळ नुसते उपटून चालत नाही. त्याची मुळे फांदीच्या लाकडात शिरलेली असतात. चिकटलेल्या जागेच्या खाली, खोडाच्या दिशेला वीतभर सोडून फांदीच कापा, आणि हे त्याची फळे पिकण्याआधी करा. पक्षी ती फळे खाऊन चिकट बिया दुसऱ्या फांदीवर पुसतात.

तपासा: झालेला काप गोल किंवा जवळजवळ गोल दिसतो का? लांबट अंडाकृती दिसला तर तुम्ही खोडात शिरलात.

## ८. कापाला काय लावायचे

डांबर, ऑइलपेंट, सिमेंट, शेण यांपैकी काहीही नको. ते ओल आत कोंडतात. काप नीट जागी आणि स्वच्छ असेल तर बारीक जखमांना काहीच लागत नाही.

आपल्या पावसात मनगटापेक्षा मोठ्या कापांना बोर्डो पेस्ट (बुरशीनाशक लेप) लावणे मात्र मला शहाणपणाचे वाटते. शंभर ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम चुना वेगळ्या अर्ध्या लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत विरघळवा आणि मग एकत्र करा. धातूचे भांडे वापरू नका. स्वच्छ लोखंडी खिळा मिश्रणात बुडवून पाहा: त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, थोडा वाढवा. त्याच दिवशी वापरा, ब्रशने पातळ थर द्या, उरलेले विहिरीजवळ ओतू नका.

## ९. झाडागणिक फरक

माड. माडाला छाटणी नसते. पूर्ण सुकलेल्या झावळ्या आणि पोया (फुलोऱ्याची सुकी आवरणे) काढायच्या, बस्स. नारळ उतरवताना पाडेली वाट मोकळी करायला हिरव्या झावळ्याही मारतो, त्याला थांबवा. हिरवी झावळी माडाला खाऊ घालते, आणि तिच्या ताज्या जखमेच्या वासाने माड पोखरणारा सोंड्या भुंगा येतो. हिरवी झावळी काढावीच लागली तर खोडालगत न कापता देठ सुमारे सव्वा मीटर ठेवून कापा. चढायला खोडात खाचा पाडू देऊ नका. शेंडा कापलेला माड पुन्हा फुटत नाही.

फणस. फळे खोडावर आणि जाड फांद्यांवर, आखूड फुटव्यांना लागतात. खोड ‘साफ’ करताना हेच फुटवे जातात आणि पुढच्या वर्षी फणस का धरला नाही याचे कोडे पडते. आधी धरलेल्या फळांच्या देठांचे खुंट ओळखा, त्यांच्या आसपास हात लावू नका.

काजू. मोठे काप टाळा, खोडकिडा आधीच टपलेला असतो. जमिनीला टेकलेल्या आणि सुकलेल्या फांद्या हंगाम संपल्यावर काढा.

शेवगा. लाकूड ठिसूळ. याच्यावर कोणीही चढू नये. शेंगा संपल्या की कमरेच्या वर खोड कापले तरी तो नव्याने फुटतो. वर सांगितलेला चौथ्या हिश्शाचा नियम याला लागू नाही.

चिकू, कोकम. सुकलेले काढा आणि सोडून द्या.

जास्वंद, तगर, बोगनवेल. चुकले तरी भरून येते. नवख्याने करवतीचा सराव इथेच करावा.

## १०. नंतरचे काम

खोडकिड्याच्या फांद्या आंगणाच्या कोपऱ्यात रचून ठेवू नका. आतला किडा त्यातूनच बाहेर पडून दुसऱ्या झाडावर जातो. त्याच दिवशी फोडून जाळा. कण्हेर मात्र जाळू नका, त्याचा धूर विषारी असतो. बाकीची पाने आणि बारीक फांद्या माडाच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरा, बुंध्यापासून हातभर दूर.

छाटणीनंतर लगेच खत घालू नये. आधीच फुटव्यांची घाई असते, त्यात नत्र मिळाले की नुसती पालवी वाढते. उन्हाळ्यात कापले असेल तर आठवड्याने एकदा खोल पाणी द्या. आतून अचानक उघड्या पडलेल्या आंब्याच्या जाड फांद्या पश्चिमेच्या उन्हात भाजतात. त्यांना पातळ कालवलेला चुना फासा.

पाऊस सुरू होऊन सहा-आठ आठवडे झाले की कापांपाशी परत जा. फुटवे बोटभर असतील तेव्हा हाताने खुडता येतात. प्रत्येक कापाजवळ एक-दोन, बाहेरच्या दिशेचे ठेवा, बाकी काढा. हे काम गणपतीच्या साफसफाईत उरकले तर पुढच्या मेमध्ये शिडीची गरज पडत नाही. कापाच्या कडेने सालीची गोल वळी आत सरकताना दिसली तर काप जागी बसला आहे. वळी एकाच बाजूला असेल आणि दुसरी बाजू काळी पडली असेल, तर त्या बाजूला करवत आत गेली होती. तिथे पुन्हा कापून सुधारायला जाऊ नका.